मुरमाचे अकरा थर

टेपचं एक टोक खांबावर चढलेल्या निवृत्तीने रिंगला धरलं आणि दुसरं इंद्रभानने जमिनीला टेकवलं. नांदुऱ्यातल्या कापसाच्या जिनिंगमागच्या बास्केटबॉलच्या मैदानावर सगळा संघ जमला होता. वाद जुनाच होता. मोठा सेंटर खेळाडू कोण, जानराव की इंद्रभान?

जानराव पाच वर्षांपूर्वीपर्यंत खेळत. आता ते कट्ट्यावर बसून खेळ पाहत आणि एक शब्द बोलत नसत. त्यांच्या वतीने बाकीचेच बोलायचे. वयस्कर मंडळी म्हणत, जानराव रिंगखाली उभा राहिला की समोरच्याला चेंडू दिसायचासुद्धा नाही. पोरं म्हणत, जानरावांची नुसती बोटं रिंगला लागायची, इंद्रभानचं मनगट लागतं, संपला विषय. पण असले विषय गावात संपत नसतात. म्हणून इंद्रभानने आज गवंड्याचा टेप मागून आणला होता. आपण किती उंच पोचतो ते आकड्यात दाखवायचं आणि आठ दिवसांनी अकोल्याला विदर्भाच्या संघाच्या निवडीला ताठ मानेने जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"किती?" निवृत्तीने वरून विचारलं.

इंद्रभानने आकडा वाचला. टेप सोडून पुन्हा ताणला. "नऊ फूट चार इंच."

"धा पाह्यजे ना बे?"

"हाव. धाच पाह्यजे."

पलीकडची रिंग मोजली, तीही तेवढीच भरली. मग सगळे पुंजाजींकडे पाहू लागले. पुंजाजी मैदानाचे राखणदार. पगार नाही, पद नाही, हौस मात्र दांडगी. महाराष्ट्र झाला त्या वर्षी रुळाचे तुकडे उभे करून त्यांनीच हे खांब पुरले होते. तेव्हापासून दर दिवाळीला ते बैलगाडीने मुरूम आणत, पसरत, पाणी मारत आणि धुमसाने चोपत. पावसाळ्यात गावभर काळा चिखल असला तरी इथे चपलेला माती लागत नसे, याचा त्यांना कोण अभिमान.

"खांब दबले असतीन," पुंजाजी म्हणाले.

"खांब नाही दबले, बाबा. जमीन वर आली. किती वर्सं मुरूम टाकून राह्यले तुमी?" इंद्रभान म्हणाला.

पुंजाजी बोटांवर मोजू लागले आणि अकरावर थांबले.

मग बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. बाहेरचे संघ नांदुऱ्यात आले की त्यांचा चेंडू रिंग ओलांडून फळीवर आपटायचा. त्याला गाव नांदुऱ्याचा धाक म्हणायचं. आणि नांदुऱ्याचा संघ बाहेर गेला की चेंडू रिंगच्या अलीकडेच पडायचा. त्याचं खापर पंचावर फुटायचं, चेंडूवर फुटायचं, एकदा तर तिथल्या वांग्याच्या भाजीवरही फुटलं होतं.

निवृत्ती खाली उतरला. "टेप ठिव खिशात. कोनाले काय समजते?"

"अकोल्याले समजंन."

इंद्रभानचा चेहरा पार उतरला होता. चार वर्षं रोज सकाळी त्याने दोनशे वेळा चेंडू टाकला होता, आणि तो सगळा चुकीच्या उंचीवर. त्याला रडूच यायचं बाकी होतं. तो जिनिंगमध्ये गेला आणि कुदळ-फावडं घेऊन आला.

पुंजाजी रिंगखाली जाऊन उभे राहिले. "कुदळ लावू नको. अकरा वर्सं चोपली मी हे जमीन."

"सरका, बाबा."

"तुह्याहून मोठा सेंटर या गावात झाला नाही, मी सांगतो. आनखी काय पाह्यजे तुले?"

"धा फूट पाह्यजे."

पुंजाजी हलेनात. तेवढ्यात जानराव कट्ट्यावरून उठून आले. निवृत्ती म्हणाला, "मंग भाऊच मोठे निंघाले ना. भाऊच्या वक्ती रिंग उंच व्हती."

जानरावांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "बाबा, माही बोटं रिंगले कवा लागली?"

"तू खेळनं सोडलं त्या साली. बत्तीस वर्साचा व्हता तू. आपुन पेढे वाटले."

"त्याच्या आधी पाच वर्सं उड्या मारल्या. कवा लागली का?"

"नाही."

"बत्तिसाव्या वर्सी मानसाची उडी वाढते का, बाबा?"

पुंजाजींनी पायाखालच्या मुरमाकडे पाहिलं. मग बाजूला झाले.

मुरूम दगडासारखा बसला होता. काम चोखच केलं होतं म्हाताऱ्याने. इंद्रभान खणत राहिला, निवृत्ती घमेली उपसत राहिला. दिवस मावळायला आला तेव्हा रिंगखाली बैलगाडी मावेल एवढा खड्डा झाला होता. टेप आता पुंजाजींनी आपल्या हाती घेतला. "आजून एक बोट," ते म्हणाले आणि तेवढी माती त्यांनी स्वतः काढली.

इंद्रभान खड्ड्यात उतरला आणि उडाला. हात रिंगच्या खालून गेला. पुन्हा उडाला, पुन्हा तसाच गेला.

"कितीनं हुकला?" त्याने विचारलं.

"दोन बोटं."

"आठ दिवस हायेत," इंद्रभान म्हणाला आणि परत उडाला. मग परत. मोजायचं सगळ्यांनी सोडून दिलं, पण तो थांबला नाही.

खड्ड्याच्या काठावर जानरावांनी चपला काढल्या आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.

"भाऊ, तुमी काऊन?" निवृत्तीने विचारलं. "तुमचा गुडघा..."

जानराव खड्ड्यात उतरले.

"सरक बे," ते इंद्रभानला म्हणाले. "मीबी आजून धा फुटाले हात लावला नाही."