वरातीच्या मोटारीचं बटण

वनमालाला बघायला आलेला बलभीम सगळ्यांदेखत म्हणाला होता, “पोरगी लई काळी. अंधारात हुडकावी लागंल!”

तिला नाकारून त्यानं दुसरीशी लग्न केलं आणि आज लोहाऱ्यात त्याचीच वरात होती. गॅसबत्त्या नकोत म्हणून त्यानं मोटारच रंगीत दिव्यांनी मढवून घेतली. गावात दिव्यांचं दुकान एकच, वनमालाच्या आबांचं. वनमालाच्या धाकट्या बहिणीनं, सरोजिनीनं, तारा बॅटरीला जोडल्या आणि बटण हातात धरून ती ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसली.

मोटार बरोब्बर वनमालाच्या दारासमोर आली आणि सगळे दिवे खटकन गेले.

“ए पोरी, बटण दाब की!” बलभीम ओरडला.

“दाबलंय की, दादा!” म्हणत सरोजिनीनं घराकडं हाक दिली, “ताई, कंदील आण गं! नवरदेव हुडकावा लागतोय!”