चौदा नंबरचा दगड

बद्रीनाथने दगड मागच्या चाकाखाली सरकवला, हात झटकले आणि पार्सलं उतरवायला वळला.

"गाडी तर कोरी करकरीत दिसतेय," खराडीच्या त्या सोसायटीचा वॉचमन सीताराम म्हणाला. "मग दगड कशाला? दृष्ट लागू नये म्हणून?"

बद्रीनाथ हसला. हसता हसता थांबला. अरे देवा! दगड इथे आहे. म्हणजे चौदा नंबरमध्ये नाही.

चौदा नंबर ही त्याची कालपर्यंतची गाडी. वाघोलीच्या गोडाऊनमधून घरोघर पार्सलं पोचवणारा टेम्पो. तिचा हँडब्रेक गेले आठ महिने नुसता नावाला होता. ओढला की वर यायचा, धरायचा मात्र नाही. रिकामी असली तर गाडी गिअरवर कशीबशी उभी राहायची. माल भरला की उतारावर हळूच निघायची, ड्रायव्हरची वाट न बघता. म्हणून हा दगड. एका बाजूने चपटा, दुसरीकडून चाकाला बेतलेला, सीटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. खाली उतरायचं म्हणजे आधी दगड, मग पार्सल. हाताला इतकी सवय झाली होती की आज नव्या गाडीतही तो आपणहून सीटखाली गेला.

तक्रार करायची बद्रीनाथने बाकी ठेवली नव्हती. चहाच्या टपरीवर केली, घरी बायकोपाशी केली, सुपरवायझर अनिरुद्धच्या तर रोज कानीकपाळी ओरडला. अनिरुद्ध मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा, "बद्रीनाथराव, वहीत 'नादुरुस्त' लिहिलंत की गाडी जागेवर थांबते. आजची पार्सलं काय मी पाठीवर नेऊ? लिहा 'ठीक', बघू उद्या." वही म्हणजे रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी भरायची तपासणीवही. दिवे, हॉर्न, आरसे, टायर, ब्रेक, हँडब्रेक. बद्रीनाथ सगळ्या रकान्यांपुढे भराभर 'ठीक' लिहायचा, सही ठोकायचा आणि फाटकाबाहेर पडला की अनिरुद्धला मनसोक्त शिव्या घालायचा. हे आठ महिने अगदी नेमाने चाललं होतं.

आज अखेर त्याला नवी गाडी मिळाली आणि चौदा नंबर गेली रुपालीकडे. पोरगी आठवड्यापूर्वीच कामाला लागलेली. तिला गाडी घाण मिळू नये म्हणून बद्रीनाथने सकाळी लवकर येऊन ती आतून लख्ख पुसली. डबा, पाण्याची बाटली, फडकं, गोणपाट, जे जे आपलं ते सगळं उचलून नव्या गाडीत टाकलं. हँडब्रेकचं तिला सांगायचं होतं. पण ती किल्ली घ्यायला ऑफिसात गेलेली आणि याला नव्या गाडीची हौस. 'सीटखाली दगड आहेच, बघेल आणि समजेल,' असं मनाशी म्हणत तो निघाला. आणि गोणपाटासकट दगड स्वतःच उचलून घेऊन आला होता, शहाणा!

चौदा नंबरची फेरी धानोरीची. पहिलं पार्सल ऐन उतारावर आणि उताराच्या पायथ्याशी बालवाडीचं फाटक. बालवाडी अकराला सुटते. बद्रीनाथने घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी होते.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. आठ महिने त्या उतारावर गाडी उभी करताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. आज तीच गाडी दुसऱ्याच्या हातात होती आणि तो परत परत घड्याळ बघत होता. सीतारामने आपली खुर्ची पुढे केली. तिसऱ्यांदा रुपालीने फोन उचलला.

"रुपाली, कुठे आहेस? गाडीतून उतरू नकोस! तिचा हँडब्रेक..."

"काका, जरा दमानं. फोन गाडीत राहिला होता. गोडाऊनमध्येच आहे मी."

"निघालीच नाहीस?"

"कशी निघणार? हँडब्रेक ओढला, खाली उतरून गाडी ढकलून बघितली, तर चालायलाच लागली. मग वहीत 'नादुरुस्त' लिहिलं. अनिरुद्ध सर चिडले, पण वहीत आल्यावर त्यांनाही गाडी सोडता येईना. मेकॅनिक बोलावला त्यांनी. केबल गेली होती, बदलली. अर्ध्या तासाचं काम निघालं."

बद्रीनाथ मटकन खुर्चीत बसला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने सीतारामसमोरच बाहीने पुसलं. त्याला लाज वाटली नाही. पोरगी सुखरूप होती, बालवाडीची पोरं सुखरूप होती, आणखी काय पाहिजे?

"देव पावला गं बाई," तो म्हणाला. मग नेहमीप्रमाणे त्याचा आवाज चढला. "त्या अनिरुद्धला किती वेळा सांगितलं मी! आठ महिने घसा कोरडा करतोय. कोणी ऐकेल तर शपथ!"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"काका, राग मानू नका. इथे मेकॅनिक वही उघडून बसलाय. आठ महिने रोज हँडब्रेक 'ठीक' आणि खाली तुमची सही. कालचीसुद्धा. तो विचारतोय, एका रात्रीत असं काय झालं?"