बिनविरोधचा साचा

वॉर्ड ऑफिसातल्या फळ्यावर निवडून आलेल्यांची नावं मी रंगवतो. तीस वर्षं एकच घर: बाप, मग मुलगा, मग सून. दुसऱ्या कुणाची अर्ज भरायची छातीच होत नव्हती, म्हणून प्रत्येक नावापुढे 'बिनविरोध'. शेवटी मी त्या शब्दाचा पत्र्याचा साचाच कापून ठेवला. यंदा नातू निवडून आला. ऑफिसातले साहेब म्हणाले, "नेहमीसारखं उरका." मी साचा लावून ब्रश फिरवला. "पेंटरदादा, ते पुसा!" दारात कोपऱ्यावरची शिवणकामवाली ताई, गळ्यात मापाची टेप तशीच. "त्याच्याविरुद्ध मी उभी होते." साहेब हसले. "अकरा मतं पडली तुम्हाला! सपशेल आपटलात." "आपटले ना? म्हणजे विरोध झाला. पुसा." साहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. मी रॉकेलच्या चिंधीनं शब्द पुसला, साचा गुडघ्यावर दुमडला. "अकरा?" मी ताईला विचारलं. "मला वाटलं, माझं एकट्याचंच मत पडलंय."