अप्पांचं वजन

पवनचक्क्यांच्या पठारावर वाऱ्याने वृंदाच्या गाडीची एका बाजूची चाकं उचलली. सांगाडा बांबूच्या धाग्यांचा, मोटार नारळाएवढी; जुन्या इंजिनाचं वजन आता राहिलंच नव्हतं. पलीकडच्या वस्तीवर गाय अडली होती. गुरांची डॉक्टर असलेली वृंदा अर्ध्या वाटेवरूनच घरी परतली आणि वडिलांना म्हणाली, "अप्पा, गाडीत बसा."

गुडघे गेल्यापासून अप्पा लेकीकडे अवघडूनच राहत होते. "मी कशाला? उगाच ओझं."

"ओझंच हवंय."

"मग दगड भर."

"दगड वाऱ्याकडे कलत नाहीत, अप्पा."

अप्पा बसले. वारा आला की त्या बाजूला झुकत राहिले, आणि गाडी पठार ओलांडून गेली. गाय सुखरूप व्याली.

जेवताना अप्पांनी विचारलं, "उद्याही वारा आहे ना?" आणि लेकीच्या घरी पहिल्यांदाच आणखी एक भाकरी मागून घेतली.