उत्तरेकडची हवा

“आज तर तिकडे समोरचा माणूस दिसत नव्हता, बाबा,” जयदीप दारातच बूट काढत म्हणाला. “नुसती धूळ. हे असंच राहिलं तर शुक्रवारी सुट्टीला तुम्हाला तिकडे न्यायचं कठीण आहे.”

“अरेरे,” चंद्रहासराव म्हणाले, आणि मनातून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतः उठून चहाचं आधण ठेवलं.

बरं वाटायला कारण होतं. सलवा भागातल्या मुलाच्या या फ्लॅटवर उतरले त्याच दिवशी त्यांनी तोऱ्यात सांगून टाकलं होतं, “कुवेत दाखव, आणि सगळं बघून झालं की माझं तिकीट काढ. मी कुणाच्या घरी ठाण मांडणारा माणूस नाही.” शलाका, त्यांची सून, ‘असं काय हो बाबा’ म्हणाली होती. जयदीप काहीच म्हणाला नव्हता; तो तसाही काही म्हणणाऱ्यांतला नव्हता. मग जुना बाजार बघून झाला, समुद्रकिनारा झाला, टॉवर झाले. आता उरलं होतं ते उत्तरेकडचं उघडं रान. तिथल्या तेलविहिरींवर जयदीपची नोकरी होती, आणि उन्हाळा सरला की शहरातली माणसं तिथेच तंबू ठोकून राहायला जायची. तेवढं बघितलं की संपलं. मग नाशिक. बायको, सुजाता, गेल्यापासून तिथे दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी दोन दिवस पुरून उरत होती, आणि दूधवाल्याला तसं सांगायचंही त्यांच्या जिवावर यायचं.

व्हिसा संपायला अजून बराच अवकाश होता. पण ‘मी राहू का?’ हे बापाने मुलाला कोणत्या तोंडाने विचारायचं? ‘राहा’ असं कुणीतरी म्हणेल म्हणून चंद्रहासराव जेवण झाल्यावरही टेबलापाशी रेंगाळत. सुपारी कातरत. सुपारी संपे, पण कुणी म्हणत नसे.

अशा वेळी त्यांची बाजू घेतली ती हवेने.

रविवारच्या त्या धुळीनंतर सोमवारी तिकडे धुकं पडलं. “असलं दाट की उंट बॉनेटला टेकला तेव्हा दिसला,” जयदीपने सांगितलं. मंगळवारी विजा कडाडल्या. बुधवारी सकाळी ऊन, दुपारी वारा आणि संध्याकाळी धो धो पाऊस. कुणाचा तरी तंबू म्हणे गालिच्यांसकट उडाला आणि कुंपणाला जाऊन अडकला.

“इथे तर लख्ख ऊन होतं रे,” चंद्रहासराव म्हणाले.

“इथलं वेगळं, बाबा. ही समुद्राकडची हवा. तिकडचं तिकडे.”

नवल हवेचं नव्हतंच. नवल मुलाचं होतं. इतकी वर्षं फोनवर ‘जेवलात? औषध घेतलंत? आईला द्या’ यापलीकडे न गेलेला हा मुलगा हवेवर आला की जेवण संपेपर्यंत बोलायचा. हातवारे करायचा. उंट कसा टेकला ते मान हलवून दाखवायचा. पोळ्या भाजता भाजता शलाका पाठमोरी हसायची. चंद्रहासराव गालातल्या गालात सुपारी फिरवत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, उद्याही पडू दे बाबा काहीतरी.

ते सहकारी बँकेत ऑडिटला होते. जन्मभर त्यांनी पावती पाहिल्याशिवाय कुणाचा आकडा मानला नव्हता. पण धो धो पावसातून आलेल्या मुलाच्या बुटांकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आपल्या बाजूने बोलणाऱ्याचं ऑडिट कोण करतं?

गुरुवारी संध्याकाळी जयदीप आंघोळीला गेला होता तेव्हा बेल वाजली. दारात नौमान. रत्नागिरीचा, जयदीपबरोबर तिकडेच कामाला, रोज त्याच्याच गाडीतून जाणारा. हातात पापलेटांची पिशवी.

“घ्या काका, ताजी आहेत. आणि उद्या जयदीपसंगती आमच्या तंबूवर यायचं. घरची सगळी येतायत.”

“अरे, पण तिकडे एवढी हवा बिघडलेली…”

“कुठे?”

“तिकडेच. धूळ, धुकं, कालचा पाऊस…”

नौमान हसला. “कुणी सांगितलं तुम्हाला? आख्खा आठवडा ढगाचा तुकडा नाय आभाळात. वर्षात एकदाच अशी हवा येते, काका. तुमचा जयदीप तर रोज डबा घेऊन बाहेर उन्हात बसतो जेवायला.”

तो गेला. चंद्रहासराव पिशवी धरून दारातच उभे राहिले. पहिला विचार आला तो वाईटच आला: बापाला चारचौघांत न्यायला याला नको वाटतंय. जुन्या सवयीने त्यांनी तो विचार पुन्हा तपासायला घेतला. रान दाखवलं की तिकीट काढायचं, हे ठरलेलं. तिकीट काढायचंच असतं, तर त्याला एक स्वच्छ शुक्रवार पुरेसा होता. आणि तो तर आठवडाभर, रोज नव्याने, दमूनभागून घरी येऊन, आभाळ बिघडवत बसला होता.

त्यांनी पुन्हा एकदा ताळा करून पाहिला. बाकी तीच निघाली. डोळ्यांसमोरचं दार जरा धूसर झालं.

जयदीप केस पुसत बाहेर आला. “कोण होतं, बाबा?”

“नौमान. पापलेट देऊन गेला.”

टॉवेल डोक्यावरच थांबला. “काय म्हणत होता?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. शलाकाही ऐकत असावी. चंद्रहासरावांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि अगदी सावकाश, ठाण मांडून बसले.

“हवेचंच म्हणत होता,” ते म्हणाले. “उद्या तिकडे गारा पडणार आहेत. लिंबाएवढ्या.”