दुसरं नाव

जुन्नरच्या बाजारपेठेत अश्विनीताई लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. व्हायरसनं संगणक तिसऱ्यांदा बसला, तेव्हा कॉम्प्युटर क्लासवाला सुदर्शन म्हणाला, "ताई, आता विंडोज काढूनच टाकू. लिनक्स घ्या. फुकाट हाये, अन् व्हायरसची कटकट नाय."

ताईंनी होकार दिला. सोमवार होता, निर्जळी उपास. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान डिंभ्याच्या धरणात होडी घेऊन गेले. होडी काठाला लागली, ते नाही. ते परत यावेत म्हणून हा उपास होता.

सुदर्शननं डिस्क पार कोरी केली, लिनक्स चढवलं, ताईंचं नाव घातलं. संगणक सुरू झाला. आत कोण शिरणार हे विचारणाऱ्या पडद्यावर दोन नावं होती.

"हे दादाभाऊ कोण, ताई? मी तर एकच नाव घातलं व्हतं."

नवऱ्याचं नाव ताईंनी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. त्यांनी नुसतं कपाळावरच्या कुंकवाकडे बोट नेलं.

सुदर्शन हसायला गेला, पण हसू आलं नाही. ताईंच्या नावानं आत शिरून त्यानं ते नाव पुसलं, संगणक पुन्हा सुरू केला. नाव तिथंच होतं, आणि खाली पासवर्डची चौकट उघडली होती.

चौकटीत एक ठिपका उमटला. मग दुसरा. कीबोर्डवरच्या कळा आपोआप खाली जात होत्या, नवशिक्या माणसानं एका बोटानं दाबाव्यात तशा, सावकाश.

सुदर्शननं घाबरून प्लगकडे हात टाकला. ताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "येऊ दे त्यांना आत."