भिंतीवरची सवत

"पणजोबांच्या बंदुकीला कसला आलाय परवाना?" घड्याळवाले काका कुरकुरले. रोज तासभर ते तिची नळी पुसत, म्हणून काकू तिला सवत म्हणायच्या, तेही फक्त घरात. मुलगा घर सोडून गेल्याला वर्ष झालं होतं. त्याचा विषय मात्र कुणी काढत नसे.

"ठासणीची असली तरी बार निघतो ना? मग परवाना लागतोच," दारात आलेला पोलीस म्हणाला. "निनावी तक्रार आलीय."

शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडत काकांनी त्याच्या हातातला तक्रार अर्ज ओढून घेतला. शेवटची ओळ होती, 'एवढी सवत घरातून न्यावी.'

"तू?" काका काकूंकडे वळले. "अगं, ती नुसती शोभेची आहे!"



"शोभेची होती, तर त्या दिवशी आपल्या लेकावर कशाला रोखलीत?"